धुतलेले हात आणि न मोजलेल्या जखमा

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, असे डॉक्टर सांगतात तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या नातलगांचा जीव भांड्यात पडतो. पुढे आठ-दहा दिवसांनी टाक्यांच्या जागी लाली येते, ठणका लागतो, पू धरतो. मग पुन्हा दवाखाना, पुन्हा मलमपट्टी, पुन्हा महागडी प्रतिजैविके. जखम चिघळली, एवढेच घरात म्हटले जाते. ती का चिघळली हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि विचारलाच तर रुग्णाचा मधुमेह, त्याचे वय, त्याने केलेली हयगय अशी उत्तरे तयार असतात. त्यांत तथ्य नसते असे नाही. पण ज्या हातांनी शस्त्रक्रिया केली त्या हातांचा उल्लेख या उत्तरांत सहसा नसतो.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे अपघात केंद्र आणि मणिपालचे कस्तुरबा रुग्णालय या तीन ठिकाणी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने गेल्या काही वर्षांत एक पाहणी केली. शस्त्रक्रिया झालेल्या ३,०२० रुग्णांवर त्यात लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी शंभरांत सुमारे पाच जणांच्या जखमेत संसर्ग झाला. हा आकडा जगाच्या मानाने भयंकर म्हणावा असा नाही. खरी धक्कादायक बाब पुढेच आहे. एकूण संसर्गांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश संसर्ग रुग्ण घरी गेल्यानंतर उघडकीस आले. पाहणीतील कर्मचाऱ्यांनी घरी गेलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला नसता, तर या रुग्णालयांचा आकडा एकतृतीयांशावर आला असता आणि कागदोपत्री सर्वत्र आनंदीआनंद दिसला असता. देशातील अग्रगण्य संस्थांची ही कथा आहे. मग जेथे असा पाठपुरावा होतच नाही तेथे काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

शिवाजी पार्कच्या मैदानाभोवतीच्या आणि त्यालगतच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्याला नर्सिंग होमच्या पाट्या मोजता मोजता कंटाळा येईल. राहत्या इमारतीचा तळमजला किंवा पहिला मजला, दहा-पंधरा खाटा, एक शस्त्रक्रियागृह, चार परिचारिका आणि ठरलेल्या वेळी येऊन जाणारे शल्यविशारद, असा त्यांचा साधारण संसार असतो. नागरिकांनी सहकारी तत्त्वावर उभे केलेले शुश्रूषा रुग्णालय याच परिसरातले. रेल्वे ओलांडून पलीकडे गेले की परळला १९२६ पासून महापालिकेचे केईएम आहे, वाडिया आहे, १९४१ पासून टाटा आहे. मध्य मुंबईच्या या दोन-तीन मैलांच्या पट्ट्यात दररोज किती पोटे उघडली जातात आणि किती हाडे सांधली जातात, याचा हिशेब लावता येईल. किती जखमा नंतर चिघळल्या याचा मात्र लागणार नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी हात कशाने धुवावेत, हा वाद पावणेदोनशे वर्षांचा आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने शवविच्छेदन करून आलेल्या विद्यार्थ्यांना चुनायुक्त क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवायला लावले, आणि एप्रिलमध्ये शेकडा अठरावर गेलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा दोनच्या आसपास आले. त्याचे बक्षीस म्हणून त्याला उपहास मिळाला. वीस वर्षांनी लिस्टरचे कार्बोलिक ॲसिड आले व प्रतिष्ठा पावले. आज शस्त्रक्रियागृहातील नळाजवळ प्रामुख्याने तीन द्रव्ये दिसतात. तपकिरी रंगाचे पोव्हिडोन आयोडीन, गुलाबी रंगाचे क्लोरहेक्सिडीन आणि हातावर चोळायचे अल्कोहोल. यांपैकी कोणतेच सामान्य वाचकाला परके नाही. पहिले घरोघरी मलमाच्या रूपात असते, दुसरे सॅव्हलॉनमध्ये असते आणि तिसऱ्याने तर २०२० साली प्रत्येक उंबरठ्यावर ठाण मांडले होते.

तिघांचे गुणधर्म वेगळे आहेत. अल्कोहोल सर्वांत झपाट्याने काम करते. ते जंतूंच्या शरीरातील प्रथिने गोठवते; त्यासाठी त्यात थोडे पाणी असावे लागते, म्हणून शंभर टक्के शुद्ध अल्कोहोलापेक्षा ऐंशी टक्क्यांचे अधिक प्रभावी ठरते. पण ते उडून गेले की त्याचा अंमलही संपतो, आणि हात मळलेले किंवा रक्ताने माखलेले असतील तर त्याचा उपयोग नसतो. क्लोरहेक्सिडीन कातडीला चिकटून राहते. हातमोज्याच्या आत घाम येऊन जंतू पुन्हा वाढू लागतात तेव्हा तासन्‌तास त्यांना आवर घालते. आयोडीनचा मारा व्यापक आहे, परंतु रक्त आणि पू यांच्या संपर्कात त्याची धार बोथट होते. हातांवरील जंतूंची प्रयोगशाळेत मोजदाद केली असता क्लोरहेक्सिडीन सहसा आयोडीनच्या पुढे असते. वरवर पाहता निकाल लागल्यासारखा वाटतो.

वस्तुतः तसे नाही. हातावर जंतू किती उरले हा एक प्रश्न आणि रुग्णाची जखम चिघळली की नाही हा दुसरा. दोहोंची गल्लत वैद्यकीय चर्चांतही होते. फ्रान्समधील सहा रुग्णालयांत ४,३८७ रुग्णांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाच्या शल्यविशारदांनी पाण्याने व औषधी साबणाने हात घासले, दुसऱ्याने नुसते अल्कोहोल चोळले. संसर्गाचे प्रमाण पहिल्यात २.४८ टक्के, तर दुसऱ्यात २.४४ टक्के. म्हणजे फरक नाहीच. केनियातील किजाबे येथील रुग्णालयातून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्याहून बोलका आहे. तीन हजारांवर रुग्ण होते. एकीकडे अल्कोहोल आणि दुसरीकडे चक्क साधा साबण व पाणी. तेथेही दोन्ही बाजू जवळपास सारख्याच उतरल्या. सर्व उपलब्ध अभ्यासांचा २०१६ साली घेतलेला कॉक्रेन आढावा याच निष्कर्षाला आला की, जखमेचा संसर्ग टाळण्यात हात धुण्याचे अमुक एक द्रव्य दुसऱ्यापेक्षा निश्चित सरस असल्याचा भक्कम पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी योग्य औषधी साबण किंवा योग्य अल्कोहोल, दोन्ही चालतील असे सांगितले. रुग्णाच्या कातडीवर, म्हणजे जेथे छेद घ्यायचा तेथे, काय लावावे हा विषय निराळा. तेथे संघटनेने अल्कोहोलमिश्रित क्लोरहेक्सिडीनला पसंती दिली, आणि त्याबाबतीतही २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्विस अभ्यासात अल्कोहोलमिश्रित आयोडीन मागे पडले नाही. रुग्णाच्या कातडीचे पुरावे डॉक्टरांच्या हातांसाठी वापरून बाटल्या खपवणे हा काही शास्त्रीय व्यवहार नव्हे.

फ्रान्सच्या अभ्यासात आणखी एक आकडा होता. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. ठरवून दिलेला वेळ पुरेपूर पाळण्याचे प्रमाण अल्कोहोलच्या गटात ४४ टक्के, तर घासून धुणाऱ्यांत अवघे २८ टक्के होते. आपल्यावर पाहणी चालू आहे हे ठाऊक असलेल्या शल्यविशारदांची ही गोष्ट. तेव्हा बाटलीत काय आहे यापेक्षा ती बाटली किती वेळ, किती प्रमाणात आणि कोणाच्या देखत वापरली जाते, हा खरा प्रश्न ठरतो.

या प्रश्नाचा सर्वांत कडवट धडा परळच्याच मातीतून निघाला होता. प्लेगच्या काळात डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तेथून प्लेगची लस देशभर जाई. मागणी प्रचंड वाढल्यावर हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक ॲसिड घालण्याची जुनी रीत सोडून उष्णतेने निर्जंतुक करण्याची, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रूढ असलेली पद्धत स्वीकारली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले, आणि ते सर्वच्या सर्व '५३ एन' या एकाच बाटलीतून लस मिळालेले होते. गहजब झाला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. कार्बोलिक का वगळले, या एका मुद्द्यावर सारा रोख गेला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले.

पुढे पुरावे नीट तपासले गेले तेव्हा जे निष्पन्न झाले ते इतके साधे होते की विश्वास बसू नये. मुलकोवालच्या शिबिरात बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करण्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळला आणि त्याच चिमट्याने बूच उपसले. शिवाय धनुर्वात इतक्या लवकर उद्भवला नव्हता की बाटली परळहूनच दूषित आली असे म्हणता यावे. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्रे लिहून बाजू मांडली, आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. कार्बोलिक श्रेष्ठ की उष्णता, यावर पाच वर्षे विद्वानांचे वाग्युद्ध चालले. प्रत्यक्षात ज्या चिमट्याने माणसे मेली त्याला कार्बोलिकचाच स्पर्श झाला होता. तो पुरेसा वेळ झाला नव्हता, इतकेच. जंतुनाशकाला स्पर्श पुरत नाही, अवधी लागतो, हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. पाळले जाते ते किती?

दादरपुरते बोलायचे तर आणखी एक अडचण आहे, ती पाण्याची. तानसा, वैतरणा, भातसा येथून येणारे पाणी या भागात ठरावीक वेळी येते. उरलेला दिवस गच्चीवरच्या टाकीवर भागवावा लागतो. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ तीन वर्षे पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेला दहा टक्के पाणीकपात जाहीर करावी लागली. नळातून मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी पडते असे धरले, तर पाच मिनिटे हात धुणाऱ्या एका व्यक्तीला पंचवीस-तीस लिटर लागतात. शस्त्रक्रियेला तिघे उभे राहणार म्हटल्यावर टाकीतून किती पाणी जाते याचा हिशेब शाळकरी मुलगाही करील. आणि ती टाकी शेवटची कधी धुतली? औषधी साबणाने काटेकोर घासलेले हात अखेर त्याच टाकीच्या पाण्याखाली धरले जातात. हे लक्षात घेता शस्त्रक्रियागृहात आल्यावर एकदा साध्या साबणाने हात धुऊन, ते कोरडे करून, नंतर प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी कोपरापर्यंत अल्कोहोल चोळणे ही रीत या परिसराला अधिक मानवणारी आहे. दहा मिनिटे ब्रशाने हात सोलून काढण्याची जुनी शिस्त जागतिक आरोग्य संघटनेने केव्हाच अनावश्यक ठरवली आहे. ब्रशाने कातडी फाटते आणि फाटलेल्या कातडीत जंतूंना घरच मिळते. तरीही आपल्या गुरूंनी असेच शिकवले, या एका कारणासाठी अनेक ज्येष्ठ शल्यविशारद ब्रश सोडायला तयार नसतात. गुरुभक्तीचे हे स्थान नव्हे.

अल्कोहोलच्या बाजूने एवढे बोलून झाल्यावर त्याच्या बाटलीविषयीही बोलले पाहिजे. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत घातले आणि २०० मिलिलिटरच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल किंमत ठरवून दिली. राज्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्या रातोरात त्याच्या उत्पादनाला लागल्या, ही कौतुकाची गोष्ट होती. त्याच वर्षी जुलैमध्ये विक्रीसाठी परवाना लागण्याची अट काढून टाकण्यात आली, ती मात्र कौतुकाची नव्हती. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या मुंबईच्या ग्राहक संस्थेने तेव्हा बाजारातून शंभराहून अधिक नमुने घेऊन तपासले. त्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक बाटल्यांत लेबलावर लिहिलेले आणि आत असलेले जुळले नाही. काहींत तर मिथाइल अल्कोहोल हे विष होते. टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर पिऊन सात जण मेले, हा त्याच कथेचा वेगळा आणि करुण अध्याय.

मुंबईला हे नवे वाटू नये. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या अल्कोहोलच्या मिश्रणात थोडे ग्लिसरीन असते, हात कोरडे पडू नयेत म्हणून. याच ग्लिसरीनच्या नावाखाली १९८६ च्या आरंभी भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात दुसरेच विषारी द्रव्य रुग्णांच्या पोटात गेले आणि चौदा जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी, तपासणी आणि देखरेख या साऱ्या साखळीची लक्तरे वेशीवर टांगली. हातावर चोळायचे द्रव्य पोटात जात नाही हे खरे. पण कमी अल्कोहोल असलेली बाटली कोणाला विषबाधा न करताही जखमा चिघळवू शकते, आणि तिचा संशय कोणाला येत नाही. त्यात पाच लिटरच्या कॅनमधून लहान बाटलीत, अर्धी उरली असतानाच वर ओतत राहण्याची सवय सर्वत्र आहे. बाटली धुतली जात नाही, तिच्यावर तारीख नसते. जंतुनाशकात जंतू वाढत नाहीत अशी समजूत असते, तीही खोटी आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत सीलबंद आयोडीनच्या द्रावणातच जिवंत जंतू सापडले होते.

आता त्या हातांच्या मालकांविषयी. शस्त्रक्रियागृहात एक न लिहिलेली उतरंड असते. शल्यविशारद वर, भूलतज्ज्ञ बाजूला, परिचारिका खाली आणि वॉर्डबॉय व मावशी सर्वांत खाली. सरांनी नळाखाली हात धरले न धरले आणि बाहेर काढले, तर 'सर, अजून दोन मिनिटे' असे सिस्टरने म्हणावे, ही अपेक्षा कागदावर ठीक. तिचा पगार त्याच सरांच्या हाती असतो. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात निदान संसर्ग नियंत्रण समिती असते, तिच्या बैठका होतात, इतिवृत्ते लिहिली जातात. बारा खाटांच्या नर्सिंग होममध्ये समिती म्हणजे मालक आणि मालक म्हणजे शल्यविशारद. तेथे शिस्त आहे ती केवळ त्या एका माणसाच्या सद्‌सद्विवेकावर. दादरचे भाग्य असे की असे विवेकी डॉक्टर येथे पिढ्यान्‌पिढ्या झाले. परंतु व्यवस्था भाग्यावर सोपवता येत नाही.

हातांच्या स्वच्छतेविषयी मनात धाकधूक असली की तिची भरपाई प्रतिजैविकांनी केली जाते, हेही उघड गुपित आहे. शस्त्रक्रियेच्या आधी एक मात्रा पुरेशी असते आणि शस्त्रक्रियेनंतर केवळ खबरदारी म्हणून ती लांबवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट बजावले आहे. प्रत्यक्षात पाच-पाच, सात-सात दिवसांची औषधे लिहून दिली जातात. बिल रुग्ण भरतो. आणि औषधांना न जुमानणारे जंतू शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला फुकट मिळतात.

तेव्हा पुन्हा मोजणीकडेच यावे लागते. मोजल्याशिवाय कोणते द्रव्य आपल्या पाण्याला, आपल्या उकाड्याला, आपल्या परिचारिकांच्या हातांना मानवते हे कळणार नाही. फ्रान्सचे आणि केनियाचे आकडे उसने घेऊन भागणार नाही. टाटा रुग्णालयातून सुटलेले परगावचे अनेक रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. तेथे त्यांना शोधून जखम पाहता येते. शिवाजी पार्कच्या नर्सिंग होममधून तिसऱ्या दिवशी घरी गेलेला कारकून मात्र डोंबिवलीला असतो, आणि त्याच्या जखमेतील पू त्याचा फॅमिली डॉक्टर साफ करतो. ज्याने शस्त्रक्रिया केली त्याच्या कानावर ही गोष्ट कित्येकदा जातही नाही. आपल्याकडे संसर्ग होतच नाही, असे तो सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला ठाऊकच नसते.

इंग्लंडमध्ये अस्थिशस्त्रक्रियांनंतरच्या संसर्गाची नोंद ठेवणे सरकारी रुग्णालयांना २००४ पासून सक्तीचे आहे, आणि ते आकडे रुग्णालयवार प्रसिद्ध होतात. महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याचे बंधन आले, तक्रारीची सोय झाली. खोलीचे भाडे किती, हे आता भिंतीवर वाचता येते. जखम चिघळण्याचे प्रमाण किती, हे त्या भिंतीवर नसते. लहान नर्सिंग होमचा एकट्याचा आकडा फलकावर लावणे अन्यायाचे होईल, हा डॉक्टरांचा आक्षेप खरा आहे. महिन्याला वीस शस्त्रक्रिया होत असतील तर एका जखमेनेही टक्केवारी एकदम पाचने उडी मारते, आणि अवघड रुग्ण घेणाऱ्याचेच नाव आधी खराब होते. पण आकडा फलकावर लावायचा नसेल तरी तो गोळा करायला काय हरकत आहे? वीस शस्त्रक्रियांसाठी दहाव्या आणि तिसाव्या दिवशी असे महिन्याला चाळीस दूरध्वनी लागतील; स्वागतकक्षातील मुलगी ते दोन दुपारींत करील. महापालिकेच्या जी-उत्तर विभागातील आरोग्य अधिकाऱ्याकडे या परिसरातील प्रत्येक नर्सिंग होमचा नोंदणी-नूतनीकरणाचा अर्ज येतोच. त्यात खाटा, परिचारिका, अग्निशमन, कचरा अशी माहिती मागितली जाते. त्याच अर्जात आणखी दोन रकाने हवेत, एक शस्त्रक्रियांच्या संख्येचा आणि दुसरा तीस दिवसांत चिघळलेल्या जखमांचा. साऱ्या विभागाची बेरीज वर्षातून एकदा प्रसिद्ध व्हावी, आणि ती करताना हात धुण्यासाठी कोणी कोणते द्रव्य वापरले याचीही नोंद घ्यावी. त्याला नवा कायदा लागत नाही, विभाग कार्यालयातून एक परिपत्रक निघाले तरी पुरे.